चिठ्ठीवरचा डोस आणि रक्तातला डोस

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 68, वजन 48 किलो. महिन्याभरापासून सकाळी उदासीवरची एस्सिटालोप्राम 10 मि.ग्रॅ. आणि रात्री शांत करणारी क्लोनाझेपाम 0.5 मि.ग्रॅ. चालू आहे. शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी, ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सकाळी ठीक उठायची, नंतर अकरा-अकरापर्यंत पेंगायला लागली. धाकटा भाऊ मनोविकारासाठी लिथियम 900 मि.ग्रॅ. आणि ओलान्झापिन 10 मि.ग्रॅ.वर स्थिर आहे. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतो आणि आता सोडायचं म्हणतो. शनिवारी दारू घेतो, आणि यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालणार आहे. मेंदूवर काम करणारी ही औषधं अंगात शिरतात कशी, फिरतात कशी, बाहेर पडायला किती दिवस लागतात आणि मध्ये बिघडतं कुठे, असं विचारलं आहे.

सगळ्या उत्तराचा गाभा आधी सांगतो. डॉक्टर चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहितात, पण मेंदूला मिलिग्रॅम कळत नाहीत, त्याच्यापर्यंत पोचते ती रक्तातली पातळी. चिठ्ठी तीच राहूनही ही पातळी दुप्पट होऊ शकते किंवा निम्म्यावर येऊ शकते. एखादी ॲसिडिटीची गोळी, एक उपास, सोडलेली सिगारेट, पायदुखीवर घेतलेली गोळी, एवढं त्याला पुरतं. तुमच्या घरात यातल्या बहुतेक गोष्टी आत्ता एकाच वेळी हजर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईच्या पेंगेपासून सुरुवात करू. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला औषधाची हाफ लाइफ म्हणतात. क्लोनाझेपामची साधारण 30 ते 40 तास असते. हिशेबासाठी 36 धरू. म्हणजे चोवीस तासांनी आदल्या रात्रीच्या गोळीतला सुमारे 63 टक्के भाग अंगात शिल्लक असतो. पहिल्या रात्री 0.5 मि.ग्रॅ. घेतली, दुसऱ्या संध्याकाळी 0.31 उरली, त्यावर नवी 0.5 पडली की 0.81. तिसऱ्या रात्री गोळी घेतल्यावर 1.01, चौथ्या रात्री 1.14, पाचव्या रात्री 1.22, आणि आठवडाभरात हा आकडा 1.3च्या आसपास जाऊन टेकतो. रोज जेवढं आत जातं तेवढंच बाहेर पडायला लागलं की पातळी स्थिरावते, आणि त्याला ढोबळमानाने चार ते पाच हाफ लाइफ लागतात. म्हणजे आई रोज अर्धा मिलिग्रॅमच घेत असली, तरी आठवड्यानंतर रात्री गोळी घेतल्यावर तिच्या अंगात अडीच गोळ्यांहून जास्त औषध असतं. पहिले दोन-तीन दिवस ठीक आणि मग पेंग, याचं एक कारण बहुधा हेच. काही जणांचा मेंदू याला सरावतो आणि पेंग ओसरते. अडुसष्टाव्या वर्षी, 48 किलो वजनात, त्या सरावाची वाट बघत बसू नये, कारण रात्री तीनला बाथरूमला उठताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. क्लोनाझेपामची 0.25 मि.ग्रॅ.ची गोळी मिळते. डोस निम्मा करता येईल का, आणि ही गोळी किती आठवड्यांसाठी ठरवली आहे, हे दोन प्रश्न पुढच्या भेटीत नक्की विचारा.

वयाचा परिणाम इथे दोन बाजूंनी होतो. म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. त्यामुळे चरबीत विरघळणारी औषधं जास्त दिवस रेंगाळतात, आणि पाण्यात पसरणाऱ्या दारू किंवा लिथियमसारख्या गोष्टींची पातळी तेवढ्याच डोसला जास्त चढते. डायझेपाम हे पहिल्या प्रकारचं ठळक उदाहरण. त्याची स्वतःची हाफ लाइफ 20 ते 50 तास, आणि यकृत त्याचं जे नॉरडायझेपाम करतं, तेही गुंगी आणणारंच, त्याची हाफ लाइफ शंभर तासांपर्यंत जाते. घरात पडून असलेली जुनी डायझेपामची पट्टी ‘साधी झोपेची गोळी’ म्हणून आजी-आजोबांना देऊ नका, असं आग्रहाने सांगतो.

आता गोळीचा प्रवास. गिळलेली गोळी जठरात फुटते, पण शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं, कारण तिथे पृष्ठभाग प्रचंड असतो. त्यामुळे जठर किती लवकर रिकामं होतं यावर परिणाम किती वेळात जाणवणार हे बरंचसं ठरतं. पोटभर तेलकट जेवणानंतर घेतलेली झोपेची गोळी उशिरा चढते. अर्ध्या तासात झोप आली नाही म्हणून दुसरी घेतली की मध्यरात्रीनंतर दोन्ही एकदम अंगावर येतात. झोल्पिडेम घेणाऱ्यांत हे वारंवार दिसतं. त्याची हाफ लाइफ जेमतेम अडीच तास आहे, पण भरल्या पोटी ते वेळापत्रक घसरतं.

याच्या उलट मनोविकारावरचं लुरासिडोन. हे औषध निदान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यायचं असतं. रिकाम्या पोटी घेतलं तर आतड्यातून पुरेसं शोषलंच जात नाही. एकादशीला किंवा नवरात्रात नुसत्या चहा-केळ्यावर राहणाऱ्या माणसाचा त्या दिवसांतला डोस प्रत्यक्षात बराच कमी झालेला असतो, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही. उपास करायचाच असेल तर गोळी साबुदाण्याच्या खिचडीच्या पूर्ण ताटाबरोबर घ्यावी. झिप्रासिडोनचंही असंच आहे, त्याला 500 कॅलरींच्या आसपास जेवण लागतं. एस्सिटालोप्राम, ओलान्झापिन, क्लोनाझेपाम यांना जेवणाने फारसा फरक पडत नाही.

गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर, ईआर, एक्सआर असं काही असेल तर ती कुटू नका, चावू नका. त्या गोळीची बांधणी औषध तासनतास थोडंथोडं सोडण्यासाठी केलेली असते. ती फोडली की दिवसभराचा डोस तासाभरात रक्तात येतो. आजींना गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून दिली जाते, तेव्हा हेच होतं. काही जातींच्या गोळ्यांचं रिकामं कवच शौचात दिसतं, त्याने घाबरू नये; औषध आधीच निघून गेलेलं असतं.

एमडी, म्हणजे तोंडात विरघळणाऱ्या गोळीबद्दल मोठा गैरसमज आहे. क्लोनाझेपामची एमडी गोळी जिभेवर विरघळते खरी, पण औषध लाळेबरोबर गिळलं जातं आणि आतड्यातूनच शोषलं जातं. पाणी लागत नाही आणि गिळायचा त्रास वाचतो, एवढाच तिचा फायदा. ती लवकर चढत नाही. घाबरल्यासारखं झालं की एमडी गोळी ठेवताच दोन मिनिटांत बरं वाटतं असं सांगणाऱ्यांना बरं वाटतं ते गोळी हाताशी असल्याच्या धीराने. हरकत काहीच नाही, फक्त परिणाम झाला नाही असं समजून पाच मिनिटांनी दुसरी ठेवू नये.

तोंडाच्या त्वचेतून खरोखर शोषलं जाणारं, आपल्याकडचं रोजचं उदाहरण म्हणजे तंबाखू. निकोटिन आम्ल वातावरणात विद्युतभारित असतं आणि त्वचेतून आरपार जात नाही; अल्कधर्मी वातावरणात त्याचा भार जातो आणि ते गालातून सरळ रक्तात उतरतं. तळहातावर मळताना घातलेला चुना नेमकं हेच काम करतो. गिळलेलं निकोटिन मात्र आधी यकृतात जातं आणि तिथे बराचसा भाग नष्ट होतो. धुराने घेतलेलं निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून सिगारेटची सवय इतकी घट्ट बसते. त्याची हाफ लाइफ सुमारे दोन तास, रात्रभरात पातळी जवळजवळ तळाला जाते, आणि पहाटेची तलफ तिथून येते.

भावाने सिगारेट सोडताना निकोटिनचं च्युइंगम वापरलं तर हीच माहिती कामाला येते. कॉफी, कोला, सरबत यांनी तोंड आम्ल होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना यातलं काही नको. गम सतत चावायचं नसतं. थोडं चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, असं अर्धा तास. भराभर चावलं की निकोटिन पोटात जातं, उचक्या आणि जळजळ होते, आणि तलफही भागत नाही.

आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून जातं. अनेक औषधांचा मोठा वाटा तिथे पहिल्या फेरीतच संपतो. एस्सिटालोप्रामचा सुमारे 80 टक्के भाग यातून सुखरूप निघतो. गिळलेल्या भांगेतल्या टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो. यकृतातली ही मोडतोड करणारी एन्झाइम्स मोजकी आहेत आणि बहुतेक औषधं त्यांच्यावरच अवलंबून असतात, त्यामुळे एक औषध दुसऱ्याची वाट अडवतं किंवा मोकळी करतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

आईच्या बाबतीत बघा. एस्सिटालोप्राम मोडण्याचं बरंचसं काम सीवायपी-2सी19 नावाचं एन्झाइम करतं, आणि ओमेप्राझोल नेमकं तेच दाबतं. दोन्ही एकत्र घेतली की एस्सिटालोप्रामची पातळी सुमारे दीडपट होते. त्यात वयामुळे त्याची हाफ लाइफ, जी तरुणांत 27 ते 32 तास असते, ती जवळपास दीडपट लांबते. वयस्कर माणसांसाठी 10 मि.ग्रॅ. हाच सहसा वरचा डोस मानला जातो. म्हणजे चिठ्ठीवर 10 असले तरी आईच्या रक्तात त्याहून बरंच जास्त असण्याचा संभव आहे. पँटोप्राझोल या एन्झाइमला खूपच कमी त्रास देतं, ते चालेल का हे विचारा. जन्मतःच हे एन्झाइम दुबळं असणारी माणसं युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतात, त्यामुळे शेजारणीला 10 मि.ग्रॅ.ने काहीच झालं नाही, याला अर्थ नाही.

आईची आणखी एक तपासणी टाळू नका: रक्तातलं सोडियम. एस्सिटालोप्राम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड दोन्ही, वेगवेगळ्या मार्गांनी, सोडियम खाली आणतात. वयस्कर बाईत ही जोडी पहिल्या काही आठवड्यांत सोडियम धोकादायक पातळीला नेऊ शकते. सुरुवात पेंग, डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ अशीच होते आणि ती ‘गोळीची गुंगी’ म्हणून सोडून दिली जाते. तेव्हा पेंगेचा सगळा दोष क्लोनाझेपामवर टाकण्याआधी ही साधी तपासणी याच आठवड्यात करून घ्या. लिटरला 125 मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल, किंवा आई असंबद्ध बोलत असेल, तर ओपीडीची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

घरोघरी गाठ पडू शकेल अशा आणखी दोन जोड्या. गजकर्णासाठी दिलं जाणारं इट्राकोनाझोल सीवायपी-3ए4 हे एन्झाइम दाबतं; अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी घेणाऱ्याला ते सुरू झालं की नेहमीच्या गोळीने भलतीच गुंगी येते. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं. ते हीच एन्झाइम्स वाढवतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, क्वेटियापिन यांची पातळी इतकी घसरते की माणूस पुन्हा आजारी पडतो. टीबीचा कोर्स संपला की पुढच्या दोनेक आठवड्यांत पातळी परत चढते. मधल्या काळात वाढवलेला डोस तेव्हा उतरवावा लागतो आणि ते बहुधा कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता भावाच्या सिगारेटी. धुरातली जळालेली हायड्रोकार्बन्स सीवायपी-1ए2 हे एन्झाइम वाढवतात. ओलान्झापिन आणि त्याच गटातलं क्लोझापिन त्यावरच मोडली जातात, म्हणून ओढणाऱ्याला तोच परिणाम मिळवायला जास्त डोस लागतो. दिवसाला दहाच्या आसपास सिगारेटी असतील तर हा परिणाम जवळपास पूर्ण झालेला असतो. सोडल्यावर वाढलेलं एन्झाइम आठवडाभरात मूळ पदावर येतं आणि औषधाची पातळी चढते. ओलान्झापिनला याचा अर्थ जास्त झोप, जास्त भूक, उठताना चक्कर. क्लोझापिनला तो फार गंभीर असतो, पातळी दीडपट किंवा त्याहून वर जाऊन झटकेही येऊ शकतात. निकोटिनचा याच्याशी संबंध नाही, धुराचा आहे. म्हणून गम किंवा पॅच लावला तरी पातळी चढणारच, आणि तंबाखू चघळणाऱ्याला हा प्रश्न मुळातच येत नाही. विडी मात्र सिगारेटसारखीच धरायची. भावाने सिगारेट जरूर सोडावी, त्याच्यासाठी याहून चांगली गोष्ट नाही. फक्त तारीख ठरवून ती डॉक्टरांना आधी सांगावी, म्हणजे डोस त्याप्रमाणे कमी करता येईल. कॅफीनही याच एन्झाइमने मोडतं, त्यामुळे सिगारेट सुटल्यावर तेवढ्याच चहाचा परिणाम जास्त होतो. धडधड, हातांची थरथर, झोप उडणं यातलं काही चहा निम्मा केल्यावर आपोआप जातं.

रक्तातून मेंदूत शिरणं हा पुढचा टप्पा. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि चरबीत विरघळणारे लहान रेणूच सहज आत जातात. जे आत घुसतात त्यांतल्या काहींना पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप बाहेर फेकतात. जुलाबावरचं लोपेरामाइड हे खरं तर अफूच्या जातीचं औषध आहे, पण नेहमीच्या डोसला हे पंप त्याला मेंदूत टिकू देत नाहीत म्हणून नशा होत नाही. सर्दीच्या जुन्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन सहज आत जातं आणि गुंगी आणतं, फेक्सोफेनाडिन जवळजवळ जात नाही. आईला सर्दी झाली तर मेडिकलमधून ‘काहीतरी सर्दीचं’ आणू नका, त्यात क्लोरफेनिरामिन असतंच असं धरून चाला, आणि क्लोनाझेपामवर ते आणखी भर घालतं.

मग उदासीची गोळी तीन आठवडे का घेते? ती मेंदूत पोचायला वेळ लागतो म्हणून नाही. एस्सिटालोप्राम काही तासांत पोचतं आणि सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन परत ओढून घेणारे वाहक अडवतं. पण वाढलेल्या सेरोटोनिनला पेशी लगेच प्रतिसाद देत नाहीत. आधी स्वतःच उत्पादन कमी करून तोल साधू बघतात. हा प्रतिकार ढिला पडायला दोन ते चार आठवडे जातात. क्लोनाझेपाम आधीच चालू असलेल्या गाबा या मेंदूतल्या रसायनाच्या शांतवणाऱ्या संदेशाला तिथल्या तिथे जोर देतं, म्हणून त्याचा परिणाम त्याच रात्री. एस्सिटालोप्रामच्या पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा येतो, फायदा नंतर. नेमक्या याच आठवड्यात बरेच जण गोळी सोडतात.

चरबीत शिरणाऱ्या पदार्थांमध्ये भांगेचं वेगळं सांगायला हवं, कारण रंगपंचमीला दर वर्षी हाच घोळ होतो. धुरातून घेतलेलं टीएचसी काही मिनिटांत शिखरावर जातं. थंडाईतून घेतलेलं अर्ध्या ते दीड तासाने जाणवू लागतं, दोन ते चार तासांनी शिखर गाठतं, आणि यकृतात त्याचं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, जे मेंदूवर तितकंच किंवा जास्त जोरकस चालतं. अर्ध्या तासात काहीच झालं नाही म्हणून दुसरा पेला घेतला जातो, आणि दोन्ही मिळून संध्याकाळी भीती, भ्रम, छातीत धडधड. भावासारखा मनोविकार असणाऱ्याने तर एक घोटही घेऊ नये. एरवी टीएचसी चरबीत साठून हळूहळू बाहेर येतं. एकदाच घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या कित्येक आठवडे सापडतात, नशा उतरून मात्र फार काळ झालेला असतो.

दारूचा हिशेब सगळ्यांपेक्षा निराळा. बाकीची बहुतेक औषधं ठरावीक टक्क्याने उतरतात, दारू ठरावीक वेगाने, कारण ती मोडणारं एन्झाइम थोड्याच दारूत पूर्ण गुंतून जातं. ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम, रक्तात मोजलं तर 100 मि.ली.मागे ताशी सुमारे 15 मि.ग्रॅ. आता 650 मि.ली.ची, 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर घ्या. त्यात सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मि.ली.मध्ये, सुमारे 61 ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाने क्वार्टर घेतली तर पातळी 150च्या घरात जाऊ शकते. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 30 आहे, आणि तिथे यायला आठ तास लागतात. रात्री बारापर्यंत पिऊन सकाळी सातला दुचाकी काढणारा माणूस झोप झाली म्हणून निवळलेला नसतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांतलं काहीही हा वेग वाढवत नाही. ओलान्झापिनवर दारूची गुंगी दुणावते, आणि लिथियमवर ती दुसऱ्या वाटेने त्रास देते: लघवी जास्त होते, पाणी घटतं.

लिथियम यकृतात मोडतच नाही. हा साधा क्षार आहे, जसा जातो तसा किडनीतून बाहेर पडतो. किडनी त्याला सोडियमसारखंच वागवते. अंगात पाणी आणि मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही. उपयोगाची पातळी लिटरला 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंट, आणि 1.5च्या वर विषबाधा सुरू. मधली जागा इतकी अरुंद असलेली औषधं थोडी आहेत.

पातळी मोजतानाही चुका होतात. शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी रक्त द्यायचं. घरी येणारा लॅबचा मुलगा सकाळी सातला येतो आणि गोळी रात्री दहाला घेतलेली असेल, तर नऊ तासांचा आकडा खोटा जास्त दिसणार. आदल्या रात्री गोळी सातला घ्या किंवा मुलाला दहाला बोलवा. लॅबला सांगा की हिरव्या झाकणाची लिथियम हेपरिन असलेली नळी नको. त्या नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि पातळी भरमसाट येते. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनीच मोजण्यात अर्थ आहे. दर तपासणीबरोबर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, बघा.

आता वारी. पुणे ते सासवड टप्पा 30 किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण, दिवसभर घाम, आणि अनेकदा एकादशीचा उपास. स्थिर माणसाची पातळी बिघडवायला एवढं पुरेसं आहे. जायचंच असेल तर पंधरवडाभर आधी पातळी आणि क्रिएटिनिन करून डॉक्टरांशी बोलून घ्या. त्या दिवशी निर्जळी उपास अजिबात नको. तासातासाला पाणी, त्यात दिवसातून चार-पाच वेळा मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस. पाय दुखले तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ती असलेल्या मिश्र गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण त्या किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी करतात. वाटेतल्या वैद्यकीय पथकाला लिथियमचं आधी सांगायचं. पॅरासिटामॉल चालतं. आणि घरात आईच्या बीपीच्या गोळ्या आहेत म्हणून लिहितो: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड दोन्ही लिथियम वाढवतात. भावाचं बीपी कधी वाढलं तर आईच्या डब्यातली गोळी त्याला देऊ नका.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्या दिवशी लिथियमचा पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. हातांची बारीक थरथर नेहमीची असू शकते. पण थरथर जाडसर झाली, पाऊल झोकांड्या खाऊ लागलं, जीभ जड झाली, माणूस सुस्तावला, तर 108 बोलवा किंवा ससूनसारख्या चोवीस तास रक्ततपासणी आणि डायलिसिस उपलब्ध असणाऱ्या ठिकाणी थेट न्या. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्याच्या मेंदूत ते आधीच मुरलेलं असतं, म्हणून त्याला रक्तातला आकडा फार मोठा नसतानाही लक्षणं येतात.

गोळ्या बंद करण्याबद्दल. चार-पाच हाफ लाइफचा नियम इथेही लागू आहे, औषध अंगातून जवळपास संपायलाही तेवढाच वेळ लागतो. एस्सिटालोप्राम अचानक थांबलं तर दोन ते चार दिवसांनी चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड सुरू होते. गावी जाताना पट्टी विसरली की हेच होतं. उदासीवरचीच पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन लवकर उतरतात, त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आणि त्याचा अवशेष कित्येक आठवडे टिकतो, तो जवळपास स्वतःच स्वतःला उतरवतो. क्लोनाझेपाम महिनाभर रोज घेतल्यावर एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. तसं कुणी ओळखीत असेल तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

एसआर लिथियम जास्त घेतलं गेलं असा संशय असेल, तर एका नॉर्मल रिपोर्टवर घरी परतू नका. ती गोळी आतड्यात तासनतास औषध सोडत राहते आणि पातळी नंतर चढते, म्हणून दर चार-सहा तासांनी पुन्हा मोजावी लागते. इतर अनेक विषबाधांत देतात तो औषधी कोळसा लिथियमला धरत नाही. डायलिसिस चांगलं काम करतं, पण त्यानंतर पेशींत मुरलेलं लिथियम परत रक्तात येतं, त्यामुळे सहा-आठ तासांनी पुन्हा तपासणी होईपर्यंत डिस्चार्ज मागू नका. जाताना सगळ्या पट्ट्या आणि शेवटच्या डोसची वेळ कागदावर लिहून बरोबर न्या.